पहाटे साडेपाचचा हिशेब

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून पहाटे साडेपाचला रिक्षा वसई रोड स्टेशनकडे निघतात, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोवर नवा दिवस सुरू होतो. २००८ साली निघालेलं प्रोग्रामरांचं हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ जागतिक प्रमाणवेळ पाळतं. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच.

तिथे उत्तराला पसंतीचं मत पडलं की उत्तर देणाऱ्याला १० गुण, विचारणाऱ्याने ते स्वीकारलं तर १५. नापसंतीला २ वजा. गंमत म्हणजे दुसऱ्याचं उत्तर नापसंत करणाऱ्याचाही १ गुण जातो. टीकासुद्धा फुकट नाही! मतांचे गुण दिवसाला जास्तीत जास्त २००.

मग काल ३,२४० असलेले गुण आज ३,१९० कसे? मित्राने प्रेमापोटी भराभर दिलेली पाच मतं यंत्रणेने रद्द केली असतील. इथेच गुणांचा माग ठेवणारी साधनं कामाला येतात. ती प्रत्येक बदल तारीखवार, पासबुकासारखा मांडतात. नुसती शिल्लक पाहून कारण कळत नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये प्रश्नावरच्या पसंतीच्या मताचे ५ऐवजी १० गुण झाले, तेही जुन्या मतांसकट. तेव्हा कित्येकांचा आकडा काही न करता फुगला.

तुमचे गुण घसरले असतील तर रुसण्याआधी प्रोफाइलमधल्या नोंदी उघडून बघा.