शिदोरीतली चकवणारी प्रतिपिंडे

डेंग्यूच्या साथींनी ‘प्लेटलेट’ हा शब्द पिपरी मेघेसारख्या गावातही घरोघरी पोचवला आहे. आकडा दीड लाखाच्या खाली आला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पण ना ताप, ना जंतू, अशा धडधाकट दिसणाऱ्या नवजात बाळाच्या प्लेटलेट वीस हजारांवर का याव्यात?

उत्तराची सुरुवात आईच्या मायेपासूनच होते. गर्भातल्या बाळाकडे स्वतःची प्रतिपिंडे फारशी नसतात, म्हणून आई त्याला शिदोरी बांधून देते. वारेतला एक खास रेणू आईच्या रक्तातली आयजीजी जातीची प्रतिपिंडे धरून बाळाकडे सोडतो. आकाराने थोराड आयजीएम जातीची मात्र आईकडेच राहतात. शेवटच्या तीन महिन्यांत हा पुरवठा इतका वाढतो की पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी बहुधा आईपेक्षाही जास्त भरते!

पण त्या रेणूला एकच खूण कळते: आयजीजी. ते गोवराविरुद्धचे की प्लेटलेटविरुद्धचे, हे त्याला कसे कळणार? आईला आयटीपी असेल, म्हणजे तिचे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करत असेल, तर ती प्रतिपिंडेही बाळाकडे जातात.

हे उलगडले कसे? अशा आयांच्या काही बाळांच्या प्लेटलेट जन्मतः कमी असत आणि काही आठवड्यांत आपोआप सावरत. म्हणजे दोष आईच्या रक्तातून येत असणार! 1950 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी आयटीपीच्या रुग्णाचे रक्त चक्क स्वतःला टोचून घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या, त्यांना आकडी आली. सावरायला सुमारे आठवडा लागला. शंका फिटली.

याहून अद्भुत प्रकार पुढेच आहे. आई पूर्ण निरोगी, तिच्या प्लेटलेट भरपूर, तरीही बाळाच्या कमी! बाळाच्या प्लेटलेटवर वडिलांकडून आलेली खूण आईच्या शरीराला परकी वाटते. युरोपीय वंशाच्या लोकांत गाजलेल्या खुणेत फरक किती? एका प्रथिनातल्या तेहतिसाव्या जागी आईत प्रोलीन, बाळात ल्युसीन, बस्स! तेवढ्यासाठी आईचे शरीर प्रतिपिंडे घडवते. आई-बाळाच्या रक्तगटातल्या आरएच विसंगतीत पहिले बाळ सहसा सुटते. इथे पहिल्यालाही धोका असतो, कधी मेंदूत रक्तस्राव होण्याइतका.

उपाय तर आणखी चकित करतो. हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेले आयजीजीच औषध म्हणून देतात, आणि प्लेटलेटचा नाश मंदावतो. आईकडून आलेली प्रतिपिंडेही साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात.

आयटीपीच्या आईचे बाळ जन्मतः ठीक वाटले, तरी प्लेटलेट पुढच्या दोन ते पाच दिवसांत घसरू शकतात. म्हणून रुग्णालय सेवाग्रामचे असो वा सावंगीचे, प्रसूतीसाठी नाव नोंदवतानाच आपला आजार आणि आधीच्या बाळाचा त्रास डॉक्टरांना सांगा. बाळाची तपासणी कधी आणि किती वेळा करायची, हे त्यावरूनच ठरते.