जुनी मोटारसायकल घेताना शॉकअप आधी पाहा

वरची घडी पाहून कापडाचा सौदा कोणी करीत नाही. थान आतपर्यंत उलगडावे लागते. जुन्या मोटारसायकलचेही तसेच. नमुन्यांची गाठोडी बांधून मालेगाव-भिवंडी फेऱ्या करण्यासाठी आम्ही वापरलेली हिमालयन घेतली. रंग चकचकीत, इंजिन ठीक. कसारा घाटात मात्र ब्रेक दाबताच गाडी पुढून धपकन खाली बसे. पाहतो तो पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गळत होते. हे तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरले तर जिवावर बेतते. म्हणून सौद्यापूर्वी शॉकअपच्या नळीवर बोट फिरवावे. तेल लागले तर सील गेले समजावे.

२०१६ साली बाजारात आलेल्या या गाडीचे पुढचे चाक २०० मि.मी. आणि मागचे १८० मि.मी. खेळते. स्वार व सामान बसल्यावर मागे सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे ५० ते ६० मि.मी. दबावे. जास्त दबल्यास प्रीलोड आवळावा. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची सावरते. पूर्ण आवळूनही गाडी बसत असेल तर वजनाला साजेशी स्प्रिंग घालावी. खड्ड्यानंतर गाडी डोलतच राहिली तर दोष स्प्रिंगचा नव्हे, डॅम्पिंगचा.

तेव्हा बंधूंनो, आधी सील, तेल आणि बुश, मग स्प्रिंग, महागडा शॉकअप सर्वांत शेवटी. आणि हा खर्च सौद्यातच किमतीतून वजा करून घ्या. आम्ही घेतला नाही, तो तोटा आमच्या खाती पडला.