धारावीतला काळा किल्ला नेमका कधी बांधला? दुरुस्तीच्या आधी हे शोधणं का गरजेचं आहे?

मुंबईत 'काळा किल्ला' म्हटलं की बहुतेकांना धारावीचा बस डेपो आठवतो. डेपोला ज्याच्यावरून नाव पडलं तो किल्ला मात्र फार कमी जणांनी पाहिलाय. घरांच्या गर्दीत, मिठी नदीच्या बाजूला काळ्या दगडांची एक बुटकी वास्तू उभी आहे. कागदोपत्री तिचं नाव रीवा किल्ला.

किल्ला म्हटल्यावर रायगड-राजगड डोळ्यांसमोर आणू नका. ही होती टेहळणीची चौकी. इथे मोजकी शिबंदी ठेवायची आणि खाडीपलीकडे काय हालचाल चाललीय यावर नजर ठेवायची, एवढंच तिचं काम.

आता धारावीचा पुनर्विकास होऊ घातलाय, त्यामुळे या चौकीच्या जतनाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. पण डागडुजी करायची तर आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो. ही बांधली कधी?

पुस्तक एक सांगतं, दगड दुसरंच

इंटरनेटवर शोधलं तर बहुतेक ठिकाणी सापडेल की हा किल्ला गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या काळातला. ऑंजियर 1669 ते 1677 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. शीवचा किल्लाही त्याच्याच काळातला मानला जातो. काही ठिकाणी तर ऑंजियरला मुंबईचा पहिला गव्हर्नर करून टाकलंय. तो पहिला नव्हता, म्हणजे ही माहिती एकमेकांची कॉपी करत पुढे गेलीय हे उघड आहे.

भिंतीवरचा शिलालेख मात्र वेगळंच सांगतो. त्यानुसार मुंबईचे गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या हुकमावरून हे बांधकाम 1737 मध्ये झालं. दोन्ही तारखांमध्ये साठेक वर्षांचा फरक आहे.

मला दगडाची बाजू जास्त पटते. त्याचं कारण 1737 मध्ये आजूबाजूला काय चाललं होतं त्यात आहे.

तेव्हाची मुंबई म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातली बेटं. खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे आजचं वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं उपनगर, पोर्तुगीजांकडे होती. 'शीव' या नावातच हद्द आहे, गावाची शीव म्हणतो तीच ही. पोर्तुगीज काही इंग्रजांचे मित्र नव्हते, पण त्यांची सवय झाली होती. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि बघता बघता साष्टीचा मोठा भाग त्यांच्या हातात आला. मिठीपलीकडचा शेजारीच बदलला. इंग्रज इतके धास्तावले की पुढे कोटाभोवती खंदक खणायला मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. 1739 मध्ये वसई पडल्यावर कंपनीने कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे तहासाठी पाठवलं. अशा वर्षी मिठीच्या काठावर टेहळणीची जागा पक्की केली जाणं अगदी स्वाभाविक वाटतं.

अर्थात, शिलालेख म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. जुन्या चौकीची नुसती दुरुस्ती करूनही 'आम्ही बांधली' असा दगड लावायची पद्धत तेव्हाही होती. (आजही आहे, कुठल्याही बसथांब्यावर नजर टाका.) ऑंजियरच्या काळात इथे काहीतरी असेल आणि हॉर्नने ते नव्याने बांधलं असेल, हेही शक्य आहे.

मग कागद कुठे शोधायचे?

पहिली जागा मुंबईतच आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे कंपनी सरकारच्या अठराव्या शतकातल्या डायऱ्या आहेत. कुठल्या कामाला परवानगी दिली, किती खर्च मंजूर झाला, अशा नोंदी त्यात सापडतात. कंपनीची इतर कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तर मराठ्यांची बाजू पुण्याच्या पेशवे दफ्तरात.

आता इथे दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली गोष्ट नावाची. वसईच्या मोहिमेच्या पत्रांत 'धारावी' वारंवार येते. ती वाचून कुणाला वाटेल, सापडला आपला किल्ला! पण ती धारावी भाईंदरजवळची. तिथेही याच मोहिमेतला किल्ला आहे, जंजिरे धारावी. नाव तेच आणि काळही तोच, पण जागा पूर्ण वेगळी. एक चुकीचं पत्र फाईलमध्ये आलं की मुंबईच्या धारावीत न झालेली लढाई माहितीफलकावर जाऊन बसते.

दुसरी गोष्ट तारखेची. इंग्रज 1752 पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत होते. ते पोर्तुगीजांच्या कॅलेंडरपेक्षा 11 दिवस मागे होतं आणि त्यांचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे इंग्रजी कागदावर 'फेब्रुवारी 1736' दिसलं तर ते आपल्या हिशेबाने 1737 असू शकतं. मराठी पत्रं मोडीत असतात आणि त्यात शुहूर सन अरबी अंकांच्या शब्दांत लिहिलेला असतो. 'सबा सलासीन मया व अलफ' म्हणजे 1137. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतं. दोनपैकी कोणता आकडा मिळवायचा हे महिन्यावर ठरतं, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं. चौकीचं काम ठाणे पडण्याआधी सुरू झालं की नंतर, हे ठरवायचं तर या सगळ्या कॅलेंडरांचा मेळ घालावाच लागतो.

भिंतही बोलते

कागद सापडले नाहीत तर चुना बघायचा. जुन्या चुन्याचा छोटा तुकडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि वाळू खाली उरते. वाळूचे कण आणि प्रमाण यावरून कळतं की भिंतीचा वरचा आणि खालचा भाग एकाच वेळचा आहे का. खाली वेगळा चुना निघाला तर जुन्या चौकीची शक्यता वाढते. कुठे पोर्टलंड सिमेंट दिसलं तर तो भाग 1824 नंतरचा, कारण त्याचं पेटंटच त्या वर्षीचं आहे.

तुकडा घेतानाही मनाला येईल तिथे छिन्नी मारायची नसते. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते.

या तपासणीचा दुसरा उपयोग थेट दुरुस्तीत होतो. चुन्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि नंतर ते सांध्यांतून बाहेर सोडते. त्या सांध्यांत सिमेंट भरलं की पाणी आतच अडकतं, आतला चुना भुसभुशीत होतो आणि बाहेरून मजबूत दिसणारी भिंत फुगायला लागते. म्हणून जुन्या चुन्याचं प्रमाण कळलं तर नवा चुना तसाच मळता येतो.

भर कुठे घालायची नाही, हेही इतिहासावरूनच ठरतं. टेहळणीच्या चौकीला कमानदार महादरवाजा नव्हता, तर 'किल्ल्यासारखं दिसावं' म्हणून तो आज लावणं चुकीचंच. तसंच, 1774 च्या शेवटी इंग्रजांनी साष्टी घेतली आणि खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांचाच अंमल आला. मग टेहळणी कुणावर करायची? त्या वर्षानंतर लष्करी मोठी भर पडलेली असण्याची शक्यता कमीच. त्यामुळे त्यानंतरचं वाटणारं बांधकाम वेगळं ओळखून तपासावं लागेल.

तोवर फलक लावायचाच असेल, तर माझ्या मते त्यावर दोन्ही तारखा द्याव्यात, 1737 ची दगडावरची म्हणून आणि ऑंजियरची पुस्तकातली म्हणून. आणि शिलालेखावर रंगाचा हात फिरणार नाही, याची व्यवस्था दुरुस्तीचं टेंडर निघायच्या आधी व्हायला हवी.