कुंचल्याचा न्याय आणि लेखणीचा विलंब

व्यक्तिचित्रांचा इतिहास हा बहुतांशी सत्ता आणि संपत्ती यांच्याच चेहऱ्यांचा इतिहास आहे. ज्याच्यापाशी चित्रकाराला देण्याजोगे मोल होते, त्याची छबी पटावर उमटली; ज्याच्यापाशी केवळ कष्टणारे हात होते, त्याला जागा मिळालीच, तर ती धन्याच्या सावलीत. या पार्श्वभूमीवर स्पॅनिश चित्रकार दिएगो व्हेलास्केझ याने १६५० साली रोममध्ये रंगविलेले हुआन दे परेहाचे चित्र मुळातून विचार करण्याजोगे आहे.

परेहा हा व्हेलास्केझच्या चित्रशाळेतील सहाय्यक आणि कायद्याने त्याच्याच मालकीचा गुलाम. त्याच वर्षी, त्याच शहरात व्हेलास्केझने पोप दहावे इनोसंट यांचेही चित्र रंगविले. पोपच्या चित्रात भव्य आसन आहे, लाल रेशीम आहे, बोटात अंगठी आहे. परेहाच्या वाट्याला करडी पार्श्वभूमी, काळसर वस्त्रे आणि पांढरी कॉलर एवढेच आले. परंतु किंचित वळलेली मान, अंगावरून आडवा घेतलेला हात आणि पाहणाऱ्याला थेट भिडणारी नजर यांत दास्याची खूण शोधूनही सापडत नाही. मार्चमध्ये हे चित्र पँथिऑन या प्राचीन वास्तूत मांडले गेले, तेव्हा रोमने पाहिला तो एक स्वाभिमानी पुरुष.

तथापि चित्रातला हा पुरुष घरी परतला तो गुलाम म्हणूनच. त्याचे मुक्तिपत्र झाले नोव्हेंबरात, तेही आणखी चार वर्षे सेवा करण्याच्या अटीवर. कुंचल्याने जे कबूल केले, ते अमलात आणण्यास लेखणीने इतका अवधी घ्यावा, यातच कलेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. दुसऱ्याचे अंतरंग ओळखणे आणि त्याचा हक्क त्याच्या हाती देणे यांत मोठे अंतर असते.

पुढे परेहा स्वतः चित्रकार झाला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील १६६१ च्या त्याच्या ‘सेंट मॅथ्यूला पाचारण’ या चित्रात डाव्या कडेला तो स्वतः उभा आहे. हातातल्या कागदावर त्याचेच नाव आहे. व्हेलास्केझने काढलेले त्याचे चित्र १९७० साली लंडनच्या लिलावात २३ लाखांहून अधिक पौंडांना विकले गेले आणि आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पण त्याची खरी किंमत परेहाने त्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नावातच मोजावी लागेल.