पोरगा चुकला तर दवाखाना की तुरुंग?



दिवाळीत अनारसे थापताना आपण जी खसखस वापरता, ती अफूच्या बोंडातली बी. त्याच हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो, ती अफू. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे आणि राजस्थानात चित्तोडगडकडे हे पीक शेतकरी सरकारी परवान्याने घेतात. माल सरकार विकत घेते व त्यापासून वेदना शमवणारी औषधे बनतात. आपल्याकडे मात्र हेच झाड विनापरवाना लावले की लावणारा गुन्हेगार. २०१२ साली बीड जिल्ह्यात अशी शेते पकडली गेली होती. झाड तेच, माती तशीच. फरक फक्त कायद्याचा. म्हणून हा कायदा कसा असावा, याचा विचार आपणही करायला हवा.

आधीच सांगून टाकतो, नशेची तरफदारी मी करत नाही. गांजाने कोवळ्या वयातल्या पोरांची डोकी बिघडतात, हे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. माझे म्हणणे एवढेच, की नशा करणारा हा रोगी आहे. त्याला तुरुंगाची वाट दाखवून रोग बरा होत नाही.

आता थोडे मागे जाऊ. इंग्रज सरकारने १८९३ साली गांजा-भांगेच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. निष्कर्ष असा निघाला, की बेताने घेणाऱ्यांचे फारसे बिघडत नाही, अतिरेक करणाऱ्याचे मात्र नुकसान होते. तेव्हा सरसकट बंदी न घालता परवाना आणि कर लावून ताबा ठेवावा. पुढे बराच काळ गांजा परवान्याच्या दुकानातच विकला जात असे. जुन्या माणसांना विचारा, त्यांना आठवेल. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही वहिवाट मोडायला आपल्याला पंचवीस वर्षांची मुदत दिली आणि १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. त्यातून भांगेची पाने वगळली गेली, गांजाचा फुलोरा मात्र गुन्हा ठरला. एकाच झाडाचे पान चालते, फूल चालत नाही!

या कायद्यात काय आहे ते ध्यानात ठेवा. एक किलोपर्यंत गांजा बाळगला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वीस किलोंच्या पुढे किमान दहा वर्षे, आणि जामीन मिळणे महाकठीण. शेतात झाडे लावली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या जमिनीत कोणी चोरून लावल्याचे कळूनही गप्प बसलात, तरी आपण दोषी. सरपंच आणि पंचांवरही खबर देण्याचे बंधन आहे. तेव्हा "तुरीच्या आड चार झाडे लाव, पैसे मी देतो," असे सांगणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवा. उद्या धाड पडेल तेव्हा तो दिसणारही नाही.

आणि इथेच कायद्याचे मर्म चुकते. समजा, तालुक्याला शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या खिशात एक पुडी सापडली. गुन्हा नोंदला जातो. बाप वकिलासाठी बैल विकतो, तारखांना एसटीने हेलपाटे घालतो. पोलीस भरतीचे स्वप्न मोडते, सोयरिकी फिरतात. एवढे होऊन पोराचे व्यसन सुटते का? नाही. उलट कोठडीत त्याला त्याच धंद्यातले जोडीदार भेटतात. आणि पुडी बांधणारा मोठा व्यापारी दुसरा पोरगा शोधतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बंदीने धंदा मरत नाही, तो फक्त अंधारात जातो. आपल्या राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला, तेव्हा हातभट्ट्या कशा पेटल्या हे जुन्या पिढीने पाहिले आहे. दुकानदाराला परवाना जाण्याची भीती असते. अंधारात विकणाऱ्याला ना वयाची चाड, ना मालात काय मिसळले याची फिकीर.

आपण म्हणाल, "कायदा सैल केला तर घरोघरी चिलीम पेटेल." ही भीती आईबापांची आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण पोर्तुगाल देशाकडे पाहा. तिथे हेरॉईनने हजारो घरे पोळली होती. २००१ पासून त्यांनी स्वतःपुरता नशेचा माल बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले. सापडलेला माणूस कोर्टाऐवजी छोट्या समितीपुढे जातो, ती त्याला उपचाराकडे वळवते. विकणाऱ्याला शिक्षा आजही आहे. नशा तिथून नाहीशी झाली नाही, पण सुईतून पसरणारा एड्स पुष्कळ घटला आणि रोगी दवाखान्यात येऊ लागले.

आपल्याकडे २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसले, की अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांमागे जेमतेम एकाला उपचार मिळतो. बाकीचे लपतात, कारण दार उघडले की पोलीस येईल ही धास्ती.

म्हणून मागणी अशी हवी. स्वतःपुरत्या थोड्या मालासाठी तुरुंग नको, उपचार हवा. गांजाला पूर्वीसारखा परवाना, वयाची अट, जाहिरातबंदी आणि कर असावा. तो कर व्यसनमुक्ती केंद्रांना मिळावा. हेरॉईन किंवा एमडी दुकानात ठेवा असे कोणी म्हणत नाही. त्याच्या व्यापाऱ्याला कायद्याने सोडू नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक तरतूद विसरू नका. ओढल्याचा किंवा थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. मात्र उपचार पुरा करावा लागतो. कलम ६४-अ, वकिलाला हे नाव सांगा. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा दूरध्वनी आहे.

आणि घरातल्या पोराचे डोळे तांबारलेले दिसले, तर काठी उचलण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा. शेजारच्याचे पोर असेल, तर पारावर चर्चा करू नका, त्याच्या बापाच्या कानावर घाला. पोरगा घरात आहे तोवर उपाय आपल्या हातात आहे. एकदा तो कोर्टाच्या पायरीवर गेला की तो आपल्या हातात राहत नाही.