हवेतील विद्यापीठ आणि टपालातील शिक्षक

ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाचे नाव निघाले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. अवेळी लावलेला दूरचित्रवाणी संच, पडद्यावर फळ्याशी उभा असलेला दाढीवाला प्राध्यापक, आणि दिवसाचे काम उरकून त्याच्यापुढे वही घेऊन बसलेला एखादा कामगार किंवा गृहिणी. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. यंत्रांच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या शिक्षणाविषयी पुढे जे गैरसमज रूढ झाले, त्यांतील बऱ्याच गैरसमजांचे मूळ या अपुरेपणात सापडते.

मूळ कल्पना हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ साली ग्लासगो येथील भाषणात मांडली. मजूर पक्षाचे हे पुढारी पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले. त्यांनी योजलेले नाव होते ‘युनिव्हर्सिटी ऑफ द एअर’, म्हणजे रेडिओलहरींवरून घरोघर पोहोचणारे हवेतील विद्यापीठ. थट्टेला हे नाव फारच सोयीचे होते, आणि हुजूर पक्षाने ती संधी दवडली नाही. योजनेची धुरा जेनी ली यांच्याकडे आली. स्कॉटलंडमधील एका खाणकामगाराची ही कन्या. कष्टकऱ्यांसाठी म्हणून काढलेली पदवी इतर विद्यापीठांच्या पदवीहून रतिभरही हलकी असता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता. १९६९ साली राजसनद मिळाली तेव्हा नावातील हवा निघून गेली होती आणि ‘ओपन युनिव्हर्सिटी’ हे साधे नाव आले होते. १९७१ च्या जानेवारीत सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. प्रवेशासाठी पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेची अट नव्हती.

नावातील बदल केवळ शोभेचा नव्हता. दूरचित्रवाणीच्या वाट्याला आठवड्याच्या अभ्यासातील फार थोडा वेळ आला होता. खरा भार होता तो टपालाने येणाऱ्या छापील पाठांवर. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगाच्या साहित्याची पेटी घरपोच मिळे. तीत हातात मावेल असा लहानसा सूक्ष्मदर्शकही असे. उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या जुन्या विद्यापीठात जाऊन राहावे लागे. आणि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यास नेमून दिलेला एक मार्गदर्शक शिक्षक असे. ठराविक मुदतीने लिहिलेले उत्तर त्याच्याकडे जाई आणि समासातील शेऱ्यांसह परत येई. उत्तर चूक आहे एवढे सांगून त्या शिक्षकाचे भागत नसे. विचार नेमका कोणत्या ओळीत घसरला, हे त्याला दाखवावे लागे. रात्रपाळीहून परतलेल्या मनुष्याने स्वयंपाकघरातील मेजावर लिहिलेला निबंध कोणी तरी जाणता माणूस ओळीओळीने वाचतो आहे, ही त्या विद्यापीठाची खरी यंत्रणा होती. अभ्यासक्रमाचे अखेरचे दूरचित्रवाणी कार्यक्रम बीबीसीवरून २००६ च्या डिसेंबरात प्रक्षेपित झाले. हवेचा आधार सुटला. विद्यापीठ मात्र चालूच राहिले.

अर्थात, न शिकवणारी विद्यापीठेही जगाने पाहिली आहेत. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बहिःस्थ विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. अभ्यास कोठे केला, हा प्रश्नच उरला नाही. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ ची तीन विद्यापीठे लंडनच्याच धर्तीवर निघाली. मुंबई विद्यापीठ आरंभीची कित्येक दशके परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवणे हे कॉलेजांचे काम. बडोदे, कोल्हापूर, धारवाड, बेळगाव येथील कॉलेजांतून मुंबईच्या पदवीसाठी मुले तयार होत. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. व्याख्यान, उत्तराची तपासणी आणि पदवीचा शिक्का ही तीन कामे एका छपराखाली नांदतात म्हणून ती एकच आहेत असे वाटते. वस्तुतः ती वेगळी आहेत आणि वेगळी करता येतात. यंत्राने प्रथम उचलले ते यांतील सर्वांत सोपे काम.

ते किती सोपे आहे याचा प्रत्यय २०११ साली आला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सेबास्टियन थ्रन आणि त्यांचे सहकारी पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला वर्ग इंटरनेटवरून सर्वांना विनामूल्य खुला केला. नावे नोंदवली सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी. शेवटपर्यंत टिकले सुमारे तेवीस हजार. उत्साहाला उधाण आले. २०१२ मध्ये थ्रन यांची ‘उडॅसिटी’ आणि स्टॅनफर्डच्याच दोन प्राध्यापकांची ‘कोर्सेरा’ या कंपन्या पुढे आल्या. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून ‘एडएक्स’ उभारले. पन्नास वर्षांत जगात दहाच विद्यापीठे उरतील, असे भाकीतही थ्रन यांनी करून टाकले. एडिसनने १९१३ मध्ये चलच्चित्रपटापुढे शाळेतील पुस्तके लवकरच निकामी होतील असे सांगितले होते. ही भाकिते करणारी माणसे बुद्धिमान असतात, हेच आश्चर्य.

कसोटीची वेळ लगेच आली. २०१३ च्या वसंतात कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने उडॅसिटीच्या साहाय्याने गणित आणि संख्याशास्त्राचे तीन अभ्यासक्रम चालवले. विद्यार्थ्यांत पूर्वी गणितात नापास झालेले होते, शाळकरी मुले होती, आणि काहींच्या घरी धड संगणकही नव्हता. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच खाली गेले आणि प्रयोग थांबवावा लागला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातील खेपेस निकाल सुधारला खरा. पण त्या खेपेस निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते! ज्याला शिकावे कसे हे ठाऊक आहे त्याला पडद्यावरील व्याख्यान पुरते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याला ते पुरत नाही. एडएक्स २०२१ मध्ये ‘टूयू’ या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकले गेले आणि २०२४ साली त्या कंपनीनेच दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०१७ पासून ‘स्वयम्’ या शासकीय योजनेतून नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने कोणालाही विनामूल्य ऐकता येतात, आणि २०२१ च्या नियमांनी एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक तेथून मिळवण्याची मुभा विद्यार्थ्याला दिली. तालुक्याच्या कॉलेजापुढे प्रश्न उभा राहतो तो येथे. मद्रास आयआयटीचा प्राध्यापक मुलीच्या भ्रमणध्वनीवर शिकवत असेल, तर तेच प्रकरण फळ्यावर उतरवून देणाऱ्या शिक्षकाचे प्रयोजन काय? उतरवून देण्यापुरते असेल, तर ते उरलेले नाही. तिच्या वहीतील चूक शोधण्यासाठी असेल, तर ते पूर्वीपेक्षा वाढले आहे. कारण पडद्यावरील प्राध्यापकाला तिची वही दिसत नाही.

दुर्दैवाने नेमक्या याच वहीवर आता नवे संकट आले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ लोकांच्या हाती आले, आणि घरी बसून लिहिलेले उत्तर विद्यार्थ्याचे की यंत्राचे, हे अनुभवी परीक्षकालाही खात्रीने सांगता येईनासे झाले. टपालातील शिक्षकाचे सारे काम ज्या विश्वासावर चालत असे, तो विश्वासच येथे डळमळतो. जी चूक विद्यार्थ्याने केलेलीच नाही, ती दुरुस्त कोणाची करायची? यंत्र समासात शेरेही लिहू शकते. तेव्हा यंत्राने लिहिलेले उत्तर यंत्रानेच तपासावे आणि मधल्या मध्ये विद्यार्थी कोराच राहावा, हा प्रकार अशक्य उरलेला नाही.

म्हणून ठिकठिकाणी तोंडी परीक्षेची मागणी पुन्हा होऊ लागली आहे. युरोपातील जुन्या विद्यापीठांत वादविवादाने परीक्षा होत असे. विद्यार्थ्याला समोर उभे करून प्रश्न विचारीत. केंब्रिजमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लेखी परीक्षेने त्या पद्धतीची जागा घेतली. आज ती परत आणायची म्हटले तर हिशेब असा पडतो: साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला प्रत्येकी पंधरा मिनिटे दिली, तर एका विषयाला पंधरा तास लागतात. ते पंधरा तास शिक्षकाच्या वेळापत्रकात आज तरी कोठेच मांडलेले नाहीत.