उसाचा रस आणि प्रकाशाचा पीळ

हिवाळ्यात सुरतेहून बारडोलीकडे जाताना उसाच्या गाड्यांची रीघ दिसते. तोडणीसाठी धुळे-नंदुरबारकडून कुटुंबेच्या कुटुंबे इकडे येतात, हे इथल्या मराठी घरांना नवे नाही. मात्र त्यांच्या कष्टांचा हिशेब कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक प्रकाशकिरण करीत असतो, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

साध्या प्रकाशाची कंपने सर्व दिशांना होतात. विशिष्ट स्फटिकातून गाळून घेतला म्हणजे तो एकाच प्रतलात कंप पावतो; हाच ध्रुवित प्रकाश. साखरेच्या द्रावणातून जाताना त्याचे प्रतल उजवीकडे वळते. द्रवांचा हा गुण बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली दाखविला. २६ ग्रॅम शुद्ध साखरेचे १०० मिलिलिटर द्रावण २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरले, तर हे वळण सुमारे ३४.६ अंशांचे भरते. पोलरीमीटरवरील शंभराचा आकडा तो हाच. कारण एवढेच, की साखरेचा रेणू शंखासारखा एकाच वळणाचा असतो. आरशातली प्रतिमा त्याच्यावर कधीच जुळून बसत नाही.

तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला, की त्यातील साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागते. फ्रुक्टोज डावीकडे इतक्या जोराने ओढते, की मिश्रणाचे वळणच उलटते. पोलरीमीटरचा आकडा घसरतो, उतारा घसरतो, शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कमही घसरते. तोडणाऱ्याची मजुरी वजनावर. आणि वाळत्या उसाचे वजनही घटतेच. वेळेवर गाडी न मिळाल्याचा दंड असा दोघांनाही बसतो.

हाच गुण द्रवस्फटिकांत विलक्षण वाढलेला आढळतो. १८८८ साली राइनिट्झर यांस कोलेस्टेरॉलचा एक एस्टर दोनदा वितळताना दिसला: १४५.५ अंश सेल्सियसला गढूळ, १७८.५ अंशांना नितळ. मधल्या अवस्थेत रेणूंचे थर गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे वळत जातात, आणि एका मिलिमीटरात प्रकाशाचे प्रतल हजारो अंश फिरू शकते. उष्णतेने जिन्याचा पीळ बदलतो, तसा परावर्तित रंगही. कपाळाला लावावयाची तापमापक पट्टी याच तत्त्वावर चालते. अशा पदार्थांवर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात दवे व व्होरा यांनी काम केले, हे आवर्जून सांगावयास हवे.

१९९२ साली ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या शलाकेलाही मळसूत्रासारखा पीळ असू शकतो, असे दाखविले. अशा प्रकाशावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही काम झाले आहे. असा पीळदार प्रकाश पीळदार द्रवावर पडला, तर दोहोंचे वळण एकाच बाजूचे असताना आणि विरुद्ध असताना तो विखुरण्यात फरक पडतो का व किती, याचे मोजमाप आज चालू आहे.